चांदीची साक्ष



वसंत ऋतू आला म्हणजे कवींना आंब्याचा मोहोर आठवतो आणि कोकिळा आठवते. आपण पडलो समुद्रकाठची माणसे. आपल्याला या ऋतूत आधी आठवते ती परसातली विहीर. होळी झाली की पोहऱ्याचा दोर हातभर वाढवावा लागतो, अक्षय्य तृतीयेला तो आणखी वाढतो, आणि मग एखाद्या सकाळी घरातले वडीलधारे गृहस्थ चहाचा पहिला घोट घेऊन म्हणतात, "पाणी जरा मचूळ लागतंय का गं?" सूनबाई म्हणतात, "नाही हो मामंजी, कालच्यासारखंच आहे." मग शेजारी विचारले जाते. शेजारी म्हणतो, "आमचं तर गोडंच आहे." एक वाटी, चार जिभा आणि चार निकाल! शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याची जीभ खरी ठरते.

हा वाद मिटवणारा एक साक्षीदार रसायनशास्त्राजवळ आहे. तो फार जुना आहे, स्वस्त नाही, पण सहसा खोटे बोलत नाही. आणि जेव्हा बोलतो तेव्हा त्याची उलटतपासणी कशी घ्यावी हेही शास्त्राने ठरवून दिले आहे. त्या साक्षीदाराचे नाव सिल्व्हर नायट्रेट. कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या भाषणाचा विषय 'चांदीचे क्षार आणि आम्ले' असा छापला आहे. तो वाचून ज्यांनी आज घरी राहणे पसंत केले त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु जे आलेत त्यांना सांगतो की हा विषय प्रयोगशाळेतला कमी आणि आपल्या विहिरीच्या काठावरचा अधिक आहे.

सिल्व्हर नायट्रेट आपल्याला अगदीच परके नाही. आपल्यातल्या प्रत्येक मतदाराच्या बोटावर ते कधी ना कधी लागलेले आहे. मतदानाच्या वेळी डाव्या हाताच्या तर्जनीला जी शाई लावतात, तिच्यात हाच चांदीचा क्षार असतो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती शाई वापरात आहे आणि म्हैसूरच्या कारखान्यात ती तयार होते. शाई कातडीला लागली की कातडीवरच्या घामातले मीठ तिला भेटते. त्या भेटीतून एक पांढरा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो आणि उजेड लागताच तो काळा पडतो. म्हणून ती खूण साबणाने जात नाही. आजच्या भाषणातली सगळी नाटकी पात्रे त्या एका ठिपक्यात हजर आहेत : चांदी, मीठ, साका आणि उजेड. राहिले आहे ते एकच पात्र, आम्ल. त्याची भूमिका पुढे येईल आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे.

आता या टेबलावर पाहा. येथे तीन पेले आहेत. पहिल्यात ऊर्ध्वपातित पाणी आहे, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले शुद्ध पाणी. दुसऱ्यात एका वाडीतल्या विहिरीचे पाणी आहे. तिसऱ्यात आज सकाळी पुळणीवरून भरून आणलेले समुद्राचे पाणी आहे. तिन्ही डोळ्यांना सारखीच नितळ दिसतात. आता प्रत्येकात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे चार थेंब टाकू. पहिला पेला होता तसाच राहिला. दुसऱ्यात ताक घुसळल्यानंतर भांडे विसळलेल्या पाण्यासारखी धूसर छटा आली. तिसऱ्यात मात्र दूध नासावे तसे पांढरे गोळे झाले आणि ते तळाशी बसू लागले. या तळाशी बसणाऱ्या पदार्थाला आम्ही साका म्हणतो. पुस्तकात त्याला अवक्षेप असे भारदस्त नाव आहे, पण साका हा शब्द आपल्या घरातला आहे आणि तो अर्थही नेमका सांगतो.

दूध नासण्याची उपमा दिली खरी, पण ती थोडी फसवीही आहे. दुधात लिंबू पिळले की ते फाटते आणि हे काम लिंबाच्या आंबटपणाचे असते. तेव्हा चांदीच्या द्रावणात आम्ल टाकले आणि साका झाला, तर पाहणाऱ्याला वाटते की येथेही आंबटपणानेच करामत केली. हे खरे की खोटे ते पडताळण्याचा मार्ग सोपा आहे. वेगवेगळी आम्ले घ्यावीत आणि पाहावे.

हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर पांढरा, दह्यासारखा साका पडतो. नायट्रिक आम्ल, ज्याला आपले सोनार तेजाब म्हणतात, ते हायड्रोक्लोरिकच्या तोडीचे जहाल; पण त्याने काहीही होत नाही. पातळ गंधकाम्लाने काही होत नाही. शिरक्याने काही होत नाही. हायड्रोब्रोमिक आम्लाने फिकट, सायीच्या रंगाचा साका पडतो आणि हायड्रोआयोडिक आम्लाने पिवळा. या दोघांचा भाऊबंद असलेले हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र साका पाडत नाही. म्हणजे आंबटपणा सगळ्यांत आहे, साका थोड्यांतच आहे. उलट, साध्या मिठाच्या पाण्यात आंबटपणाचा लवलेश नसतो, तरी तेथे साका पडतो. निष्कर्ष उघड आहे. साका पाडतो तो आंबटपणा नव्हे. त्या आम्लात आंबटपणाच्या जोडीला जो दुसरा भागीदार असतो, त्याचे हे काम.

हे प्रकरण सोयरिकीच्या भाषेत सांगणे आम्हाला सोपे वाटते. सिल्व्हर नायट्रेट हे एक जोडपे : चांदी आणि नायट्रेट. हायड्रोक्लोरिक आम्ल हे दुसरे : हायड्रोजन आणि क्लोराइड. पाण्यात शिरताच ही जोडपी सुटी होतात आणि चौघेही मोकळे हिंडू लागतात. हिंडता हिंडता चांदीची आणि क्लोराइडची गाठ पडली की त्यांची अशी घट्ट जुळणी होते की त्यांना पाण्यात राहावेसेच वाटत नाही. ती दोघे मिळून तळाशी जाऊन बसतात. मागे राहतात हायड्रोजन आणि नायट्रेट, म्हणजे नायट्रिक आम्ल. पाहा, आंबटपणा कुठे गेलाच नाही, तो पाण्यात होता तसाच राहिला. मिठाचे पाणी घेतले असते तर मागे सोडियम आणि नायट्रेट राहिले असते, एवढाच फरक.

ही जुळणी किती घट्ट आहे याचे आकडे ऐकण्यासारखे आहेत. एक लिटर पाण्यात सिल्व्हर नायट्रेट दोन किलोहून अधिक विरघळते. त्याच एक लिटर पाण्यात सिल्व्हर क्लोराइड मात्र जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळते. म्हणजे दहा लाख पटींचा फरक. सिल्व्हर ब्रोमाइड त्याहूनही कमी विरघळते आणि सिल्व्हर आयोडाइड सर्वांत कमी. म्हणूनच तेजाबात विरलेली चांदी द्रावणातून परत मिळवायची झाली, तर मीठ टाकून ती साक्याच्या रूपाने खाली बसवता येते. चांदी आणि मीठ ही दोन्ही अशी एकमेकांची चुगली करतात. मिठाने चांदी पकडावी किंवा चांदीने मीठ पकडावे. आज आपल्याला दुसरे हवे आहे.

येथपर्यंतचे ऐकून कोणी म्हणेल, मग झाले तर! विहिरीच्या पाण्यात चार थेंब टाकावेत. पांढरे झाले की पाणी खारे. थांबा. साक्षीदाराने 'होय' म्हटले की लगेच निकाल देणारा न्यायाधीश चांगला नव्हे. चांदी केवळ क्लोराइडशीच सोयरीक करते असे नाही. धुण्याच्या सोड्यात जे कार्बोनेट असते त्याच्याशीही तिचा पिवळट पांढरा साका होतो. फॉस्फेटशी पिवळा होतो. आपल्या विहिरींच्या पाण्यात विरलेली चुनखडी असते. तिच्यामुळेही पाणी धूसर होऊ शकते. वरवर पाहणाऱ्याला ही सगळी धूसरता एकाच जातीची वाटेल आणि तो गोड्या विहिरीला खारी ठरवून मोकळा होईल.

येथे आपले राहिलेले पात्र रंगभूमीवर येते. साका पडला की त्यात पातळ नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. साका कार्बोनेटचा असेल तर तो फसफसून विरघळून जाईल. फॉस्फेटचा असेल तर तोही निवळेल. पण क्लोराइडचा असेल तर ढिम्म हलणार नाही. जो टिकला तो खरा.

असे का व्हावे? याचे कारण सुंदर आहे. कार्बोनेट आणि फॉस्फेट हे दुबळ्या आम्लांचे भागीदार आहेत. दुबळे आम्ल म्हणजे ज्यातला हायड्रोजन आपल्या भागीदाराला सहजी सोडत नाही ते. तेव्हा जहाल नायट्रिक आम्लाने पाण्यात हायड्रोजन भरपूर पुरवला की तो चांदीजवळ बसलेल्या कार्बोनेटला आपल्याकडे ओढून घेतो. कार्बोनेटचा वायू होऊन उडून जातो आणि चांदी पुन्हा पाण्यात एकटी पडते. क्लोराइडचे तसे नाही. तो जहाल आम्लाचा भागीदार. हायड्रोजनला त्याची विशेष ओढ नाही. त्यामुळे आम्ल कितीही आले तरी चांदीजवळून त्याला कोणी उठवत नाही. याच कारणाने एक कोडेही सुटते. सोडियम फॉस्फेटच्या द्रावणात चांदीचा क्षार घातला तर पिवळा साका पडतो, पण खुद्द फॉस्फरिक आम्लात घातला तर पडत नाही. फॉस्फेट दोन्हींत आहे. पण दुसऱ्यात आम्लपणाने त्याला आधीच धरून ठेवले आहे.

अजूनही शंका असली तर दुसरी उलटतपासणी आहे. साक्यावर अमोनियाचे पाणी घालावे. सिल्व्हर क्लोराइड त्यात सहज विरघळते, ब्रोमाइड कष्टाने विरघळते आणि आयोडाइड जवळजवळ विरघळत नाहीच. क्लोराइड विरघळून नितळ झालेल्या त्या द्रावणात पुन्हा नायट्रिक आम्ल घातले की आम्ल अमोनियाला बांधून टाकते आणि मघाचा पांढरा साका डोळ्यांदेखत परत येतो. गेलेला माणूस परत आल्यासारखा! हा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक ताकीद मात्र देतो. चांदी आणि अमोनियाचे द्रावण कधीही साठवून ठेवू नये. ते शिळे झाले की त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. प्रयोग झाला की लगेच त्यात आम्ल घालावे.

आता आमच्याच एका फजितीची गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी आम्ही मोठ्या ऐटीत विहिरी तपासायला गेलो होतो. पहिल्या विहिरीत दाट साका, दुसरीत दाट साका, तिसरीतही तसाच. गावकरी एकमेकांकडे पाहू लागले. एका वृद्ध बाईने तर विचारले, "मग आता ही विहीर बुजवायची का गुरुजी?" त्या बाईच्या सासऱ्यांनी ती विहीर खोदली होती. आम्ही उत्तर देण्यापूर्वी आमच्याबरोबरच्या एका मुलाने सहज सोबतच्या शुद्ध पाण्यावर तीच चाचणी करून पाहिली. त्यातही दाट साका! तपासले तेव्हा कळले की आम्ही निघताना घाईत नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उचलली होती. ज्याची तपासणी करायची तोच पदार्थ आम्ही आपल्या हाताने पाण्यात घालत होतो! न्यायाधीशानेच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालावे, तसला प्रकार. त्या दिवसापासून आम्ही एक नियम पाळतो. विहिरीचे पाणी तपासण्यापूर्वी शुद्ध पाण्यावर कोरी चाचणी करायची. ती नितळ राहिली तरच पुढे जायचे. त्या मुलाचे उपकार आम्ही विसरलेलो नाही, आणि त्या बाईंची विहीर अजून गोडी आहे.

आम्लाची मदत घेतली की 'क्लोराइड आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर खात्रीने मिळते. परंतु आपल्यासारख्या समुद्रकाठच्या लोकांना तेवढे पुरत नाही. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून थोडे मीठ येथल्या पावसातही उतरते आणि विहिरीतही. तेव्हा येथील जवळजवळ प्रत्येक विहीर थोडी धूसर होणारच. आपला प्रश्न असा असतो की किती आहे, आणि गेल्या वर्षीपेक्षा वाढले काय?

हे मोजण्याची रीत मोर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली दिली. शंभर मिलिलिटर पाणी घ्यावे. त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थोडे पिवळे द्रावण घालावे. मग सिल्व्हर नायट्रेटचे मोजून तयार केलेले द्रावण थेंबाथेंबाने सोडत जावे. चांदी आधी क्लोराइडशी जुळते, कारण ती जुळणी पाण्यात अधिक लवकर तळ गाठते. सगळे क्लोराइड संपले की पुढचा थेंब क्रोमेटशी जुळतो आणि पिवळ्या पाण्यात विटकरी लाल छटा उमटते. ती पहिली छटा दिसली की थांबावे. लिटरभर शुद्ध पाण्यात २.३९५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवले असेल, तर त्याचा एक मिलिलिटर अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड पकडतो. म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्याला जितके मिलिलिटर द्रावण लागले, त्याला पाचाने गुणले की दर लिटरमधले क्लोराइड मिलिग्रॅममध्ये मिळते. बारा मिलिलिटर लागले तर साठ. पन्नास लागले तर अडीचशे. इतके साधे गणित आहे.

गंमत अशी की मघाशी ज्या आम्लावाचून आपले चालत नव्हते, ते येथे मुळीच चालत नाही. क्रोमेट हा दुबळ्या आम्लाचा भागीदार. पाणी आम्ल झाले की लाल साका विरघळून जातो आणि आपण लाल छटेची वाट पाहत चांदी ओतत बसतो. म्हणून ही मोजणी आम्लही नाही आणि फार अल्कलीही नाही अशा पाण्यात करावी लागते. ओळख पटवताना आम्ल हवे, मोजताना नको. आम्ल चांगले की वाईट असा प्रश्नच नसतो. कोणत्या कामाला ते बोलावले, एवढाच प्रश्न असतो. हे काम शाळेच्या प्रयोगशाळेत, जाणत्याच्या देखरेखीखाली करावे. क्रोमेट विषारी आहे, चांदीचे द्रावण हात काळे करते, आणि तपासलेले पाणी पुन्हा विहिरीत जाता कामा नये.

आता त्या चार जिभांच्या वादाकडे परत येऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे एकोणीस ग्रॅम, म्हणजे एकोणीस हजार मिलिग्रॅम क्लोराइड असते. शंभर घागरी गोड्या पाण्यात समुद्राची एक घागर मिसळली तर दर लिटरला सुमारे एकशे नव्वद मिलिग्रॅमची भर पडते. मिठाचा खारटपणा साधारण माणसाच्या जिभेला कळू लागतो तो दोनशे ते तीनशे मिलिग्रॅमच्या घरात. म्हणजे शंभरात एक घागर समुद्र घरात शिरला तरी जिभेला पत्ता नसतो! मामंजी आणि सूनबाई दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक होते. वाद जिभेच्या आवाक्याबाहेरचा होता. चांदीला मात्र हजारात एक घागरही कळते, कारण तेवढ्याने एकोणीस मिलिग्रॅमची भर पडते आणि मोजणीत ती जवळजवळ चार मिलिलिटरांचा फरक दाखवते. भारतीय मानक ब्यूरोने २०१२ च्या मानकात पिण्याच्या पाण्यातील क्लोराइडची इष्ट मर्यादा अडीचशे मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा पाणवठाच नसेल तर एक हजारापर्यंत मुभा दिली आहे. परंतु आपल्याला त्या मर्यादेशी जाऊन धडकण्याची वाट पाहायची नाही. त्या वाटेवर पाऊल पडले की काय, तेच आधी कळायला हवे.

आधी का? कारण आपल्या विहिरींचे गोडे पाणी कशावर उभे आहे ते ध्यानात घ्या. वरसोली, नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा ही सगळी नारळी-पोफळीच्या वाड्यांची गावे समुद्राला खेटून आहेत, आणि तरी त्यांच्या विहिरींना गोडे पाणी आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला तर भरतीला चहूबाजूंनी समुद्रात असतो, तरी त्याच्या तटाच्या आत गोडे पाणी आहे. परका पाहुणा याला चमत्कार म्हणतो. त्यामागचे कारण पावसात आहे. पावसाळ्यात येथे धो धो कोसळणारे पाणी जमिनीत मुरते. वाळूच्या पट्ट्यात हे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्याच्यावर तरंगत राहते. समुद्राच्या हजार मिलिलिटरांचे वजन एक हजार पंचवीस ग्रॅम आणि गोड्याचे एक हजार. या लहानशा फरकावरून गायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी एक हिशेब मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट वर असेल तर त्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. ऐकायला मोठे समाधान वाटते. पण हाच हिशेब उलटाही वाचायचा असतो. वरची पातळी एक फूट खाली गेली की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते. एकसारख्या वाळूतला आणि सावकाश चालणारा असा हा हिशेब आहे, प्रत्यक्षात खडक आणि चिकणमाती त्यात फेरफार करतात. पण दिशा तीच.

रहाटाने पाणी काढणारा बैल दमत असे, थांबत असे, आणि तेवढ्यात विहीर भरून येत असे. विजेचा पंप दमत नाही. वाडीला वाडी लागून पंप आणि कूपनलिका झाल्या, पाहुण्यांसाठी बंगले झाले, आणि वैशाखात सगळे एकाच वेळी उपसू लागले. दुसरीकडे अलिबाग-पेणच्या मधला आपला खारेपाट. तेथे उधाणाला अडवतो तो मातीचा बांध. ज्या चरी गावाच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप करून जमिनीच्या हक्कासाठी इतिहास घडवला, ते गाव याच मुलखातले. हक्क मिळाला तरी बांध फुटला की जमीन समुद्राची होते. एकदा शिरलेले मीठ बाहेर काढायला अनेक पावसाळे लागतात. म्हणून जिभेला कळल्यावर उपाय शोधणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे. आणि येथे तर विहीरच पेटलेली असते.

चांदीच्या साक्षीलाही एक मर्यादा आहे, ती लपवणे अप्रामाणिकपणा ठरेल. क्लोराइड आले एवढे चांदी सांगते. कोणी आणले ते सांगत नाही. समुद्राप्रमाणेच शौचखड्ड्यातूनही क्लोराइड येते, कारण माणसाच्या मूत्रात मीठ असते. समुद्राकडच्या ओळीतल्या सगळ्या विहिरींत चैत्र-वैशाखात आकडा चढला आणि पावसाळ्यात उतरला, तर संशय समुद्रावर घ्यावा. एकाच विहिरीत बारा महिने चढलेला राहिला आणि जवळ खड्डा असला, तर संशय खड्ड्यावर घ्यावा आणि ते पाणी जंतूंसाठी ताबडतोब तपासून घ्यावे. हल्ली पाण्याची वीजवाहकता मोजणारी लहान यंत्रे मिळतात. त्यांचा जरूर उपयोग करावा, ती क्षणात आकडा देतात. पण तो सगळ्या क्षारांचा मिळून असतो. त्यात मीठ किती, हे विचारायला पुन्हा चांदीकडेच यावे लागते.

एका मोजणीने मात्र काहीच सिद्ध होत नाही. नोंद हवी, वर्षानुवर्षांची. आणि नोंद कशी ठेवावी हे शिकायला अलिबागकरांना लांब जायला नको. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणे बिघडणार हे दिसत होते. म्हणून तेथील संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी त्या कामासाठी अलिबाग निवडले. १९०४ साली येथील चुंबकीय वेधशाळा सुरू झाली आणि जुन्या-नव्या ठिकाणांचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम वेध घेतले गेले. आज तेथे इलेक्ट्रॉनिक उपकरणे आहेत. पण कित्येक दशके पृथ्वीच्या चुंबकत्वाची चढउतार फोटोच्या कागदावर प्रकाशाच्या ठिपक्याने उमटत असे. त्या कागदावरचा लेप कशाचा? आपल्या मघाच्या कुळातलाच, चांदीच्या क्षारांचा साका! उजेड लागला की काळा पडणारा. अंधाऱ्या खोलीत चांदी रोज एक रेघ ओढत राहिली, आणि त्या रेघांची मालिका आज जगभरच्या शास्त्रज्ञांना मोलाची वाटते. एका दिवसाच्या रेघेला किंमत नव्हती. शंभर वर्षांच्या रेघांना आहे.

आमची विनंती एवढीच आहे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या शाळेने गावातल्या चार विहिरी निवडाव्यात : एक समुद्राजवळची, एक खाडीजवळची, एक मधली, एक डोंगराकडची. माघापासून ज्येष्ठापर्यंत दर पंधरवड्याला आणि पावसाळ्यानंतर एकदा, मुलांनी शिक्षकांसमवेत त्यांचे क्लोराइड मोजावे. आधी कोरी चाचणी, मग ओळख, मग मोजणी. वहीत तारीख, पाण्याची पातळी आणि आकडा एवढेच लिहावे. पाच वर्षांनी ती वही ग्रामसभेत उघडली, तर पंप कधी थांबवायचा, नवी कूपनलिका कोठे घेऊ नये, कोणता बांध आधी दुरुस्त करायचा, यावर ज्याचा आवाज मोठा त्याचे चालणार नाही, वहीचे चालेल. आकडा चढलेला दिसला तर उपसा कमी करता येतो, पावसाचे पाणी विहिरीच्या आसपास मुरवता येते. आणि पाणी अजून गोडे असताना हे करता येते, हाच त्यातला लाभ.

सासऱ्यांनी खोदलेली विहीर बुजवायची काय, असे त्या बाईंनी आम्हाला विचारले होते. त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार अंदाजाला नाही, आवाजाला नाही, आणि घाईत चुकीची बाटली उचलणाऱ्या आमच्यासारख्या गुरुजींनाही नाही. तो तपासून घेतलेल्या साक्षीला आहे.  ज्यांना आपल्या विहिरीचे पाणी दाखवायचे असेल त्यांनी उद्या सकाळी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, भरून आणावी. आम्ही येथेच आहोत. आणि यावेळी बाटली नायट्रिकचीच आहे, हे आम्ही निघण्यापूर्वी दोनदा पाहिले आहे.